गळा बाईचा, ठेका कुणाचा?

तेरा एप्रिलच्या रात्री बारा वाजता नागपुरात झोपलेलं माणूस सापडणं कठीण. संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर गर्दी उसळते, फटाके फुटतात आणि मग पुढचे कित्येक दिवस वस्त्यावस्त्यांतून गाण्यांचे कार्यक्रम होत राहतात. अशा एखाद्या कार्यक्रमाला गेलात तर मैत्रिणींनो, थोडा वेळ गाणं बाजूला ठेवा आणि मंचाकडे नुसतं बघा. कीबोर्डवर कोण आहे? मुलगा. ऑक्टोपॅडवर? मुलगा. ढोलक, ड्रम, बास गिटार? मुलगे. साउंडवाला? तोही मुलगा. गाण्यांचा क्रम ठरवणारा, "ताई, आता हे म्हणा" असं खुणेनं सांगणारा, शेवटी पाकिटं वाटणारा? पुरुष. आणि मधोमध सगळ्या दिव्यांच्या झोतात, पांढऱ्या किंवा निळ्या साडीत उभी असते ती गाणारी. लोक तिला ऐकायला आलेले असतात. मंचावरचे निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी तिचे नसतात.

आमच्या पिढीनं जे भीमगीत ऐकलं ते कव्वालीच्या अंगानं जाणारं, हार्मोनियम-ढोलकवर बेतलेलं. रात्ररात्र मुकाबले रंगायचे. आता ठेका बदलला आहे. तरुणांचे बँड आले. कुणी रॅप करतं, कुणी रॉक वाजवतं, कुणी बास गिटारचा तो छातीत घुमणारा, अडखळत-उसळत पुढे जाणारा ठेका धरतं, ज्याला जगभर ‘फंक’ म्हणतात. यावर आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोललं जातं. जुने कार्यकर्ते म्हणतात, पोट्टे बिघडले, अमेरिकेचा धांगडधिंगा चळवळीत आला. तरुण म्हणतात, तुम्हाला कळत नाही, ही नवी सांस्कृतिक क्रांती आहे. मला या दोघांशीही भांडायचं आहे. जुन्यांशी यासाठी की हा ठेका कुठून आला ते त्यांना ठाऊक नाही. तरुणांशी यासाठी की ठेका बदलला म्हणून मंच बदलला, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

आधी जुन्यांशी.

फंक हे काही श्रीमंत गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जन्मलेलं संगीत नव्हे. १९६० च्या दशकात जेम्स ब्राऊन या काळ्या गायकानं आणि त्याच्या वादकांनी ते घडवलं. त्यात पहिल्या मात्रेला फार महत्त्व. आपल्याकडे जशी सम, तसं सगळं वादन तिथे एकत्र येऊन आदळतं. मधल्या जागा प्रत्येक वाद्य छोट्या छोट्या तुटक ठोक्यांनी भरतं. गिटार सूर लांबवत नाही, तीही ठोका देते. बास गिटार एरवी मागे राहून आधार देणारी. ती इथे पुढे येऊन बोलायला लागते. म्हणजे एका अर्थानं सगळीच वाद्यं चर्मवाद्यं होतात. हलगी, संदल, डफ यांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नाही.

आणि त्या शब्दाकडेही बघा. ‘फंक’ या शब्दाचा जुना अर्थ वास, अंगाला येणारा उग्र दर्प. घाम गाळणाऱ्या काळ्या माणसाच्या अंगाला वास येतो म्हणून गोऱ्यांनी नाक मुरडायचं, आणि त्याच माणसांनी तो शब्द उचलून आपल्या गाण्याला अभिमानानं लावायचा. ज्यांच्या आयाबहिणींनी डोक्यावरून घाण वाहिली, ज्यांच्या सावलीचा विटाळ झाला, आणि ज्यांनी ‘दलित’ हा शब्द मान खाली घालून नव्हे तर ताठ मानेनं लावला, त्यांना ही गोष्ट आणखी समजावून सांगायला हवी का? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाकडून. त्या पक्षाचा १९७० मध्ये स्वतःचा फंक बँड होता, ‘द लम्पेन’ नावाचा. कार्यकर्तेच सभांमधून गायचे. तेव्हा नाव घेतलेलं चालतं आणि ठेका घेतला की संस्कृती बुडते, हा कुठला न्याय?

जुन्यांचा मुद्दा इथे संपतो. आता तरुणांकडे वळू या, आणि त्यासाठी बायकांच्या एका अमेरिकन गटाची गोष्ट सांगते. चार मुलींच्या साध्या पॉप गटातून फंककडे वळलेल्या बायकांची ही गोष्ट आहे आणि तिच्यात आपल्यासाठी बरंच काही आहे.

१९६० च्या सुरुवातीला चार काळ्या तरुण मुलींचा एक गट गाऊ लागला. पॅटी लाबेल, नोना हेंड्रिक्स, सारा डॅश आणि सिंडी बर्डसाँग. गटाचं नाव ‘ब्लू बेल्स’. एकसारखे झगे, एकसारखे केस, एकसारखे हातवारे. काय गायचं, काय घालायचं, कुठे जायचं, हे दुसऱ्यांनी ठरवायचं. १९६२ मध्ये त्यांच्या नावावर पहिलं गाजलेलं गाणं आलं. गंमत अशी, गंमत कसली, संताप यावा अशी गोष्ट, की ते गाणं त्यांनी गायलेलंच नव्हतं! ‘स्टारलेट्स’ नावाच्या दुसऱ्याच मुलींच्या गटाकडून ते गाऊन घेतलं होतं आणि तबकडीवर नाव छापलं या मुलींचं. गाणाऱ्या मुलींना नाव नाही आणि नाव असलेल्या मुलींचा आवाज नाही. बाजाराच्या लेखी एका मुलीच्या जागी दुसरी मुलगी खपून जाते, हे याहून उघडपणे कसं सांगणार?

पुढे सिंडी बर्डसाँग दुसऱ्या गटात गेली. उरल्या तिघी. १९७० च्या सुमाराला व्हिकी विकहॅम ही ब्रिटिश टेलिव्हिजन निर्माती त्यांची व्यवस्थापक झाली. एकसारखे झगे गेले, नाव बदलून नुसतं ‘लाबेल’ झालं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नोना हेंड्रिक्स गटासाठी गाणी लिहू लागली. १९७४ मध्ये ‘नाइटबर्ड्स’ हा त्यांचा अल्बम आला. न्यू ऑर्लीन्समध्ये ॲलन टूसाँ यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम त्यांच्या फंककडे वळण्याची खूण मानला जातो. त्यातली बरीच गाणी नोनाची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या तिघी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये गायल्या. अंगावर चंदेरी पोशाख, पिसं, अंतराळातून उतरल्यासारखं रूप. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या त्या मंदिरात तोवर असा एकही काळा पॉप गट गायला नव्हता.

इथे थांबून हे वळण कशाचं होतं ते पाहू या. मुली नुसत्या जोरात गाऊ लागल्या, ठेका जड झाला, एवढंच घडलं का? नाही. एकीच्या हातात लेखणी आली. एकसारखं दिसण्याची सक्ती गेली. काय बोलायचं ते त्या ठरवू लागल्या. फंकचा ठेका हा या बदलाचा आवाज होता. तो बदल आधी झाला, म्हणून ठेक्याला अर्थ आला.

पण ही परीकथा नाही, म्हणून तिची दुसरी बाजूही सांगते. त्या अल्बममधलं जे गाणं १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते ‘लेडी मार्मलेड’. ते नोनाचं नव्हे. ते दोन पुरुषांनी लिहिलेलं आणि न्यू ऑर्लीन्समधल्या एका वेश्येवरचं. बाईनं स्वतः लिहिलेल्या गाण्यांपेक्षा पुरुषानं बाईविषयी लिहिलेलं गाणं बाजारानं उचललं. आणि त्या अल्बमवरचं वादन मुख्यतः पुरुषांचंच होतं. म्हणजे लेखणी मिळाली, वाद्य नाही मिळालं. अर्धा रस्ता झाला. १९७७ पर्यंत गट फुटलाही. पण अर्धा रस्ता म्हणजे शून्य नव्हे. तो कुठपर्यंत गेला आणि कुठे अडला हे समजलं की आपल्याला पुढचा अर्धा दिसतो.

त्याच काळात बेटी डेव्हिस नावाची एक गायिका त्याहीपुढे गेली. तिनं आपली गाणी स्वतः लिहिली आणि १९७४ चा आपला अल्बम स्वतः निर्माण केला. बाईच्या इच्छेबद्दल ती मोकळेपणानं, ओरडून गात होती. परिणाम? रेडिओ केंद्रांनी तिची गाणी टाळली, धार्मिक मंडळींनी विरोध केला, आणि काही वर्षांतच ती या क्षेत्रातून बाहेर पडली. पुरुषांनी त्याच ठेक्यावर तेच बोललं तर त्याला मर्दानी मस्ती म्हणतात. बाईनं बोललं तर ती बिघडली. मैत्रिणींनो, हे वाक्य इंग्रजीत ऐकलं काय आणि नागपुरीत ऐकलं काय, त्यात काही फरक आहे का?

आणि ब्लॅक पँथर पक्षातल्या बायका? एलेन ब्राऊन ही त्या पक्षाची गायिका. १९६९ मध्ये तिनं स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम केला. १९७४ मध्ये ती पक्षाची प्रमुख झाली. गाणारी बाई पक्ष चालवते आहे, हे चित्र आपल्या कुठल्या पक्षात, कुठल्या गटात आहे, सांगा बरं! पण १९७७ मध्ये ती बाहेर पडली. पक्षाच्याच एका कार्यकर्तीला मारहाण झाली आणि नेतृत्वानं त्या मारहाणीला मान्यता दिली, तेव्हा आपल्याला इथे राहता येणार नाही असं तिनं ठरवलं. क्रांतीचा ठेका मंचावर घुमत होता तेव्हा मंचामागे बाईला मार पडत होता. म्हणून माझं तरुण मित्रांना सांगणं आहे की ठेक्यावरून क्रांती मोजू नका. मंचामागे काय चाललंय ते दाखवा.

आता आपल्या देशातल्या मुलींच्या पॉप गटाकडे येऊ. २००२ मध्ये ‘चॅनल व्ही’ या वाहिनीनं ‘पॉपस्टार्स’ नावाच्या कार्यक्रमातून पाच मुली निवडल्या: नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्रा आणि महुआ कामत. गटाचं नाव ‘विवा’. ही कल्पनाही आपली नव्हती. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या टीव्हीवर असाच मुलींचा गट निवडला गेला होता आणि मग तो नमुना देशोदेशी विकला गेला. ‘विवा’चा पहिला अल्बम २००२ मध्ये आला, खूप वाजला. गावोगावच्या स्नेहसंमेलनांत मुली त्यावर नाचल्या. पाचातली एक बाहेर पडली आणि २००३ मधला दुसरा अल्बम चौघींनी केला. त्यानंतर थोड्याच काळात गट विरला.

त्या वेळी आपल्या बैठकांमधून ‘विवा’चा विषय निघाला की आपण काय म्हणायचो, आठवतं? जागतिकीकरणाच्या बाहुल्या. आखूड कपडे. बाजार. आणि विषय संपायचा. मी स्वतःही असंच म्हणत असे. आज वाटतं, आपला राग बरोबर होता, पण चुकीच्या माणसांवर होता. कपड्यांवर बोलण्यात आपण वेळ घालवला आणि खरे प्रश्न विचारलेच नाहीत. गाणी कुणी लिहिली? चाली कुणाच्या? करारात काय होतं? गटाचं नाव कुणाच्या मालकीचं होतं? मुलींपैकी कुणाला वाद्य वाजवायचं असेल तर त्याला जागा होती का? त्या पाचही मुली गाणाऱ्या होत्या. गटाच्या रचनेतच मुलगी म्हणजे गळा आणि अंग असं ठरलेलं होतं. आणि पुढे काय झालं पाहा. त्यांच्यापैकीच अनुष्का मनचंदा नंतर ‘किस न्यूका’ या नावानं स्वतःचं संगीत स्वतः निर्माण करू लागली. म्हणजे कुवत होती. विचारलं नव्हतं.

आपण कपडे मोजत होतो तेव्हा सरकार काय मोजत होतं? बायकाच! मुंबईतल्या ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात अट होती की मंचावर चारच बायका आणि चारच पुरुष असतील. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ही अट रद्द केली. मंचावर एकूण किती कलाकार असावेत यावर मर्यादा असू शकते, पण त्यातल्या बायका किती आणि पुरुष किती हे राज्यानं ठरवायचं नाही, असं न्यायालयानं म्हटलं. २००५ च्या डान्सबार बंदीच्या वेळी आपल्या चळवळीत केवढी फूट पडली होती, ते विसरू नका. एकीकडे बारमध्ये नाचणाऱ्या बाईच्या रोजीरोटीचा प्रश्न, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच बायकांना नाचायला लावलं जातं हा प्रश्न. दोन्ही खरे होते. त्या भांडणातून निदान एवढं तरी शिकायला हवं होतं की मंचावर उभ्या असलेल्या बाईला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल ठराव करायचे नाहीत.

मुलींनी वाद्य हातात घेतलं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१२ च्या अखेरीस श्रीनगरमध्ये शाळेत शिकणाऱ्या तीन मुलींचा ‘प्रगाश’ नावाचा बँड मंचावर आला. एक गिटार वाजवत गाणारी, एक बासवर, एक ड्रमवर. त्यांना बक्षीसही मिळालं. मग इंटरनेटवरून घाणेरड्या शिव्या आणि धमक्या, मग फेब्रुवारी २०१३ मध्ये मुफ्तींचा फतवा, आणि बँड बंद. आपल्याकडच्या काही मंडळींना तेव्हा फार चेव चढला होता, बघा ‘त्यांच्यात’ कसं असतं म्हणून. त्यांना एकच सांगते. तिथे निदान फतवा काढावा लागला. आपल्याकडे ‘बरं दिसत नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. आपल्या किती मुलींचे बँड या तीन शब्दांनी जन्माआधीच मारले, त्याची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही.

नागपूरच्या बाईला तर हे ऐकून घेण्याचं काहीच कारण नाही. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या. घटस्फोटाचा हक्क, एका पुरुषाला एकच बायको, कामगार बायकांच्या कामाच्या अटी असे ठराव त्यांनी केले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये लिहिलं नसतं तर या बायकांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आली नसती. ज्या शहरात आपल्या आज्यांनी कायदा काय असावा हे सांगितलं, त्या शहरात नातीनं ठेका काय असावा हे सांगायचं नाही?

आणि वाद्य बाईच्या हातात शोभत नाही म्हणता? कडूबाई खरात यांना महाराष्ट्रानं कसं पाहिलं? हातात एकतारी. कुठला बँड नाही, दिवे नाहीत. गळाही त्यांचा, वाद्यही त्यांचं. शीतल साठे डफ वाजवत गाते तेव्हा तो डफ कुणा भावाकडून उसना घेतलेला वाटतो का? तिच्या गाण्यासाठी सरकारनं तिला तुरुंगात टाकलं, तेही २०१३ मध्ये ती गरोदर असताना. सत्तेला नुसत्या गळ्याची एवढी भीती वाटत नाही. गळा, शब्द आणि ठेका एकाच बाईकडे आले की सत्ता घाबरते.

आता आपल्या स्वतःच्या घरात डोकावू, कारण दोष फक्त मुलांचा नाही. आपल्या स्त्रीमुक्तीच्या गाण्यांच्या पुस्तिका काढून बघा. गाण्याखाली कंसात काय लिहिलेलं असतं? ‘चाल: अमुक सिनेमातली.’ शब्द आपण लिहिले आणि चाल आयती घेतली. त्यात कमीपणा काही नाही. अशीच गाणी शेकडो बायकांच्या तोंडी बसली, मोर्चे त्यांच्यावर चालले. पण ८ मार्चचा कार्यक्रम आला की ढोलकी वाजवायला कुणाला बोलावतो आपण? एखाद्या कार्यकर्तीच्या नवऱ्याला, नाहीतर पुरोगामी संघटनेतल्या एखाद्या दादाला. पन्नास वर्षं टाळ्या वाजवून ठेका धरला आपण. टाळी सुंदर आहे, तिला वाद्य विकत घ्यावं लागत नाही. पण आपण कधी एक ढोलकी घेऊन आपल्यातल्या दोघीजणींना शिकवली का?

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, वाद्यं जड असतात, रात्री उशीर होतो, पोरींना घरी कोण पोचवणार? अहो, गाणारी मुलगी रात्री एक वाजता घरी जातेच ना? तेव्हा तिला पोचवायचा प्रश्न पडत नाही आणि ड्रम वाजवणारीचा पडतो? दुसरा, मुलींना तेवढं येत नाही. येणार कुठून? मुलगा बाराव्या वर्षी विहारामागच्या खोलीत मोठ्या मुलांच्या पाठीशी उभा राहून ठोके शिकतो. त्याच वेळी मुलगी घरी पोळ्या लाटत असते. तिसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. एवढे मोठे प्रश्न आहेत, रेशन आहे, बलात्कार आहेत, जातीय अत्याचार आहेत, आणि तुम्ही बँड घेऊन बसलात! या मैत्रिणींचा मला आदर आहे. पण त्यांना विचारते, खैरलांजीनंतर २००६ मध्ये जे रस्त्यावर आले, त्यांना रस्त्यावर धरून ठेवायला गाणी लागली की नाही? मग ती गाणी कुणी रचायची, कुणी वाजवायची, कुणाच्या नावावर जायची, हा लहान प्रश्न कसा?

चौथा आक्षेप बाजाराचा. मुलींचा बँड काढला की कंपन्या येतील, जाहिराती येतील, ‘पाहा, सबल मुली’ म्हणून त्यांचा उपयोग करतील. हा धोका खरा आहे. ‘ब्लू बेल्स’ची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली. पण मुलींना घरी बसवून हा धोका टळणार नाही. करार वाचायला शिकवला तर टळेल.

म्हणून नुसती तक्रार करून थांबत नाही. आपल्या गटांपुढे काही ठोस गोष्टी ठेवते.

एक. प्रत्येक वस्तीगटानं या वर्षी एक वाद्य घ्यावं. डफ, ढोलकी, जुनी बास गिटार, जे परवडेल ते. ते कुणा एकीच्या मालकीचं नसावं, गटाचं असावं, आणि त्याला हात लावायला कुणाची परवानगी लागू नये.

दोन. बुद्धविहार, समाजमंदिर, वाचनालय, जिथे मुलं सराव करतात तिथे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलींसाठी मागून घ्याव्यात. संध्याकाळीच मागाव्यात. दुपार नको. दुपारी आपल्या मुली कामावर असतात, नाहीतर कॉलेजात.

तीन. जयंती मंडळांना वर्गणी देतो ती आपणही देतो. तेव्हा विचारावं की मंचावर वाजवणाऱ्या किती? गाणाऱ्या मोजू नयेत, वाजवणाऱ्या मोजाव्यात. पहिल्या वर्षी एक असली तरी चालेल. पण शून्य चालणार नाही, हे वर्गणी देतानाच सांगावं.

चार. गाणं यूट्यूबवर जाताना गीतकार, संगीतकार, गायिका आणि वादक, सगळ्यांची नावं लिहिली जावीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं आहे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही वाटा मानला आहे. आपल्या मुलींना हे माहीत नसतं आणि कोऱ्या कागदावर सही करून त्या मोकळ्या होतात. गटात एकदा वकील मैत्रीण बोलवा आणि एखादा करार मोठ्यानं वाचून घ्या.

पाच. मंचावर, सरावाच्या खोलीत, कार्यक्रमाहून परतताना गाडीत कुणी अंगचटी आलं तर ते ‘कलेच्या क्षेत्रात चालायचंच’ म्हणून गिळायचं नाही. २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असायला हवी, असंघटित क्षेत्रातल्या बाईलाही तिच्याकडे तक्रार करता येते. गाणारी बाई ही काम करणारी बाई आहे, हे आधी आपण म्हणायला हवं.

तरुण मित्रांनो, तुमच्या नव्या ठेक्याशी माझं वैर नाही. उलट तो मला आवडतो. तो ऐकताना मला अंगाच्या वासाचा अभिमान करणारी ती माणसं आठवतात. पण ज्या संगीतात बास गिटार मागचं स्थान सोडून पुढे आली, ते वाजवताना तुमच्या मंचावरची बाई दिव्यात उभी राहूनही निर्णयाच्या वेळी मागेच असेल, तर तुम्ही त्या संगीतातला आवाज तेवढा घेतला आणि त्याचा अर्थ सोडून दिलात. तसं असेल तर तुमच्या फंकमध्ये आणि जुन्या कव्वालीच्या मुकाबल्यात आम्हा बायकांच्या लेखी काय फरक आहे? निदान त्या मुकाबल्यात गायिकेला समोरच्या कव्वालाला उलट उत्तर तरी देता यायचं!

आणि मैत्रिणींनो, पुढच्या तेरा एप्रिलच्या रात्री संविधान चौकात भेटूच. येताना मुलींना घेऊन या. टाळ्या वाजवायला तर आपण येतोच. या वेळी एखादा डफही असू दे बरोबर. कुणी विचारलं, "ताई, हा कुणासाठी आणला?" तर सांगा, माझ्यासाठी.